दोन तिकिटं, एक प्रवास: कोल्हापूरहून परदेशी जाताना विमानांचा सांधा कसा जुळवायचा

मुंबई ते सिडनी असं एका तिकिटावर शोधलं की एक भाव दिसतो. तोच प्रवास मुंबई ते सिंगापूर एका कंपनीकडून आणि सिंगापूर ते सिडनी दुसऱ्या कंपनीकडून असा तोडून घेतला, तर भाव कधीकधी बराच खाली येतो. तोडून घेण्यात गैर काही नाही. पुष्कळ लोक घेतात आणि व्यवस्थित पोचतात. पण वाचलेल्या पैशांबरोबर एक जबाबदारीही आपल्याकडे येते: दोन तिकिटांमधला सांधा आपला होतो.

एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं निघून गेलं, तर पुढच्या विमानात जागा करून देणं हे कंपनीचं काम असतं. वेगळ्या तिकिटांवर तसं नाही. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी, म्हणजे ‘नो-शो’. तुमचं आधीचं विमान धुक्यात अडकलं की तुम्ही घरीच राहिलात, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ते तिकीट बुडतं, आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर तोही बहुतेक वेळा आपोआप रद्द होतो. हा शेवटचा भाग लोकांना विमानतळावर कळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

तिकीट एक आहे की दोन, हे आधी ओळखा

एजंटनं सगळा प्रवास एकाच कागदावर छापून दिला म्हणजे तिकीट एकच, असं नसतं. एजंटच्या एका पीएनआरमध्येही दोन वेगळी तिकिटं असू शकतात. पाहायचा तो ई-तिकीट नंबर. तो तेरा आकडी असतो आणि त्यातले पहिले तीन आकडे तिकीट कुठल्या कंपनीचं ते सांगतात. ०९८ म्हणजे एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स, १५७ कतार एअरवेज. सगळ्या टप्प्यांसमोर एकच नंबर असेल तर तिकीट एक. टप्पे चारापेक्षा जास्त असले तर लागोपाठचे दोन नंबर पडतात, पण तेही एकच तिकीट धरलं जातं. मुंबई–सिंगापूरसमोर एक नंबर आणि सिंगापूर–सिडनीसमोर पार वेगळाच, तर तिकिटं दोन.

स्वस्त विमान कंपन्यांच्या कागदावर पुष्कळदा तेरा आकडी नंबर नसतोच, नुसता सहा अक्षरांचा पीएनआर असतो. तिथं दोन पीएनआर म्हणजे दोन तिकिटं, असं सरळ धरून चाला. काही वेबसाइट अशा प्रवासाखाली बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्स्फर’ लिहितात. काही जण वर थोडे पैसे घेऊन जोडणीची हमीही विकतात. ती हमी त्या वेबसाइटची असते, विमान कंपनीची नव्हे. विमानतळावरच्या काउंटरवर ती दाखवून उपयोग होत नाही, फोन लावून वेबसाइटशीच बोलावं लागतं.

एजंटकडून घेत असाल तर एकच प्रश्न विचारा: “पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात कोण बसवून देणार?” उत्तरात ‘कंपनी’ आलं तर ते लेखी मागा. ‘बघू, काहीतरी करू’ असं आलं तर तिकिटं दोन आहेत.

पहिला सांधा कोल्हापूरलाच असतो

उजळाईवाडीच्या विमानतळावरून देशातल्याच शहरांची विमानं सुटतात. त्यामुळे मुंबई, बंगळूर, हैदराबाद किंवा गोवा गाठायचं आणि मग परदेशी विमानात बसायचं, हा आपल्या प्रवासाचा ठरलेला भाग. तिथपर्यंतची बस, रेल्वे किंवा विमान हेही एक वेगळं तिकीटच आहे, आणि लोक नेमकं तेच हिशोबात धरत नाहीत.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे हा सांधाच ठेवायचा नाही. ज्या कंपनीचं विमान कोल्हापूरहून सुटतं, तिच्याच वेबसाइटवर ‘कोल्हापूर ते दुबई’ किंवा ‘कोल्हापूर ते सिंगापूर’ असं थेट टाकून पाहा. हैदराबाद किंवा बंगळूरमार्गे एका तिकिटावर मिळालं, तर दोन-चार हजार जास्त देऊनही ते घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या विमानाचा उशीर मग कंपनीच्या डोक्यावर राहतो.

रस्त्यानं मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर. रात्रीची स्लीपर बस आठ-नऊ तासांत पोचते, पण ती वेळ रस्ता मोकळा असतानाची. महामार्गाची कामं, खंबाटकी, शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या घाटातली रांग, यांतलं काहीही दोन-तीन तास सहज खातं. पावसाळ्यात तर वेगळाच विचार हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. जुलै-ऑगस्टमधलं तिकीट असेल तर नदीच्या पातळीवर चार दिवस आधीपासून लक्ष ठेवा आणि किमान एक पूर्ण दिवस आधी पुणे किंवा मुंबई गाठा.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईला पोचते. मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी ही गाडी फार सोयीची. दादरला उतरलात तर अख्खा दिवस हातात राहतो, गाडी चार तास उशिरा आली तरी काही बिघडत नाही. मात्र सकाळी दहा-अकराच्या विमानासाठी त्याच सकाळी पोचणारी गाडी धरू नका.

मुंबईला विमानानं जाणार असाल तर कुठं उतरणार ते तिकिटावर वाचा. परदेशी विमानं सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात, सांताक्रूझचं टर्मिनल १ वेगळं आहे, आणि दोन्हींमध्ये बाहेरच्या रस्त्यानंच जावं लागतं. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर सहार-सांताक्रूझ, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. एक तिकीट एका विमानतळाचं आणि दुसरं दुसऱ्याचं निघालं, तर मध्ये अख्ख्या शहराची वाहतूक येते. गोव्यातही तसंच: ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा.

आता वजन. परदेशी तिकिटावर, विशेषतः अमेरिकेच्या, २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. देशातल्या विमानात साधारण १५ किलो. वेगळं तिकीट काढलं की कोल्हापूर–मुंबई टप्प्याला १५ किलोचाच नियम लागतो, म्हणजे ४६ किलोतल्या ३१ किलोंचे पैसे भरायचे. छोट्या विमानात तर जागेअभावी जादा बॅग नाकारलीही जाऊ शकते. परदेशी तिकीट दाखवून सवलत मिळते का, हे तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारा. नाहीतर जड सामान रेल्वेनं किंवा बसनं नेणं सरळ.

बॅग कुठपर्यंत जाणार

दोन तिकिटांच्या प्रवासात व्हिसा, वेळ, रांगा या सगळ्याचं उत्तर एका प्रश्नावर ठरतं: मधल्या विमानतळावर बॅग तुम्हाला उचलावी लागणार आहे का?

दोन कंपन्यांमध्ये सामान एकमेकींकडे देण्याचा करार असेल, तर पहिल्याच काउंटरवर बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग लागू शकतो. करार असला तरी वेगळ्या तिकिटांवर तो पाळायचा की नाही, हे कंपनीच्या धोरणावर असतं. वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटानं वेगळ्या तिकिटांवरही बॅग पुढं पाठवण्याचं आपल्या कंपन्यांवरचं बंधन २०१६ मध्येच काढून टाकलं. म्हणून ‘दोन्ही कंपन्या एकाच गटातल्या आहेत, बॅग जाणारच’ हे गृहीत धरू नका. बहुतेक स्वस्त कंपन्या तर दुसऱ्या कंपनीची बॅग पुढं पाठवतच नाहीत. त्यांच्या तिकिटावर बॅग उचलायची आणि पुन्हा द्यायची, असंच धरा.

तिकीट काढण्याआधी पहिल्या कंपनीला ईमेल किंवा चॅटवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. प्रश्न नेमका हवा: “माझी तिकिटं वेगळी आहेत, पीएनआर वेगळे आहेत. मुंबईच्या काउंटरवर माझी बॅग सिडनीपर्यंत टॅग होईल का?” नुसतं ‘बॅग पुढं जाईल का’ विचारलं तर एका तिकिटाचं उत्तर मिळतं.

काउंटरवर पोचलात की पासपोर्टबरोबरच दुसऱ्या तिकिटाचा छापील कागद पुढं ठेवा. बॅग पट्ट्यावर जाण्याआधी बोला, नंतर बोलून उपयोग नसतो. टॅग लागला की तो स्वतः वाचा. त्यावर मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी कोड असतो, तो तुमच्या शेवटच्या शहराचा हवा. सिडनीला जाताना ‘एसवायडी’ हवं. ‘एसआयएन’ असेल तर बॅग सिंगापूरलाच पट्ट्यावर येणार, मग काउंटरवरच्या माणसानं तोंडी काहीही सांगितलेलं असो. टॅगच्या तुकड्याचा फोटो काढून ठेवा, त्यावर दहा आकडी नंबर असतो आणि बॅग हरवली तर तोच लागतो.

टॅग शेवटपर्यंत लागला तरी मधल्या देशाचा नियम आडवा येऊ शकतो. अमेरिकेत बहुतेक सगळ्यांनाच पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम्स करावं लागतं, बॅग उचलून पुन्हा द्यावी लागते. भारतात परतताना देशातल्या पहिल्या विमानतळावर साधारण तेच. सगळ्यात हलका उपाय म्हणजे सात किलोच्या हातातल्या बॅगेवर जाणं. आठवडाभराच्या कामासाठी जाणाऱ्यांना ते जमतं. लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने जाणाऱ्या आईबाबांना नाही, आणि त्यांच्यासाठी तोडलेलं तिकीट घेऊ नये असंच आम्ही सांगू.

मधल्या देशाचा व्हिसा

बॅग उचलायची म्हणजे इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरायचं. म्हणजे तुम्ही तिथले ‘ट्रान्झिट’, म्हणजे नुसतं विमान बदलणारे, प्रवासी उरत नाही, तिथं आलेले पाहुणे होता, आणि पाहुण्याचा व्हिसा लागतो. मुंबईचा काउंटरही हेच पाहतो. पहिलं तिकीट सिंगापूरला संपत असेल तर त्यांच्या संगणकात तुमचं गाव सिंगापूर. तिथं शिरण्याचा कागद नसेल आणि पुढचं तिकीटही दाखवता आलं नाही, तर मुंबईतच अडवतात. अशी कागदपत्रं नसलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो, म्हणून या बाबतीत ते ऐकत नाहीत.

सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा लागतो. मात्र ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल आणि पुढचं तिकीट पक्कं असेल, तर ९६ तासांपर्यंत बिनव्हिसा शिरण्याची सवलत आहे. अटी बारीक आहेत. व्हिसाची मुदत शिल्लक लागते, एकाच प्रवेशाच्या व्हिसाला वेगळा नियम आहे, आणि शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर आपल्या व्हिसाचा प्रकार घालून नीट वाचा. आत शिरायचं असेल तर एसजी अरायव्हल कार्ड हा आगमनाचा अर्जही भरावा लागतो, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन आणि फुकट. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही.

क्वालालंपूरला टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगळी आहेत. एअरएशिया टर्मिनल २ वर. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला रेल्वेनं तीन-चार मिनिटं लागतात, पण त्याआधी इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरलेलं हवं. बँकॉकला दोन विमानतळ: सुवर्णभूमी आणि डॉन म्युएंग. दोन्हींमध्ये पुढचं तिकीट असणाऱ्यांसाठी फुकट बस आहे, पण शहरातल्या वाहतुकीचा भरवसा नाही. थायलंडनेही १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलं आहे. इस्तंबूल, लंडन, पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क या सगळ्या शहरांत एकापेक्षा जास्त विमानतळ आहेत. शहराचं नाव जुळलं म्हणून समाधान मानू नका, तीन अक्षरी कोड जुळवा.

युरोपात आणखी एक खाच आहे. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, गटातल्या दोन विमानतळांवर विमान बदललं, समजा मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून पॅरिस आणि मग अमेरिका, तर फ्रँकफर्ट ते पॅरिस हा शेंगेनच्या आतला प्रवास झाला. त्याला पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो, बॅग असो वा नसो. विमानतळाच्या आतल्या आत बदलण्यासाठीही काही देश भारतीयांकडून वेगळा ट्रान्झिट व्हिसा मागतात. ब्रिटन आणि कॅनडाचे त्याबाबत स्वतःचे नियम आणि सवलती आहेत. हे नियम बदलत राहतात, म्हणून दोनदा पहा: तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात. आणि त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर पहा, नातेवाइकांच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

बॅग उघडली जाणार, मग आत काय आहे

कोल्हापूरच्या घरातून निघालेल्या बॅगेत कांदा-लसूण मसाला असतोच, आणि त्यात बहुतेक घरांत खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातलं बी. बॅग थेट पुढं जाते तेव्हा ती मधल्या देशाच्या कस्टम्ससमोर येत नाही. दोन तिकिटांवर तुम्ही ती उचलून बाहेर काढता, म्हणजे त्या देशात खसखस घेऊन शिरता. दुबई किंवा सिंगापूरमार्गे बॅग उचलायची असेल तर मसाला बिनखसखशीचा कुटून घ्या. सुटी खसखस, खसखशीचे लाडू घरीच ठेवा. गुटखा आणि खायची तंबाखूही सिंगापूरला चालत नाही.

सुकं खोबरं विमानात द्यायच्या बॅगेत घेत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. औषधांचंही पहा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात, अमिरातीत ती नियंत्रित औषधांत येतात आणि आधी परवानगी लागते. चिठ्ठी, मूळ पाकीट आणि लागतील तेवढ्याच गोळ्या ठेवा.

मुंबईच्या ड्युटी फ्रीमधून घेतलेल्या बाटल्या मध्ये बाहेर पडल्यावर हातातल्या बॅगेत राहू शकत नाहीत, पुन्हा सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरचा नियम लागतो. बॅग देण्याआधी बाटली त्या बॅगेत घाला.

मध्ये वेळ किती ठेवायचा

विमानतळांची एक ठरलेली ‘मिनिमम कनेक्टिंग टाइम’ असते, पाऊण तास, दीड तास अशी. ती एका तिकिटावरच्या प्रवाशांसाठी आहे. वेगळ्या तिकिटांवर ती विसरा आणि स्वतः बेरीज मांडा.

विमानातून उतरून इमिग्रेशनपर्यंत ३० मिनिटं. रांग ६०. बॅग येईपर्यंत ४०. टर्मिनल बदलायला ३०. पुढच्या काउंटरची रांग ४५. झाली २०५ मिनिटं. परदेशी विमानाचं काउंटर बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं, काहींचं त्याहून लवकर. म्हणजे सगळं वेळेवर असतानाच चार तास पंचवीस मिनिटं लागली. त्यात पहिल्या विमानाचा दीड-दोन तासांचा उशीर घाला, की आकडा सहा-साडेसहा तासांवर जातो. बॅग उचलायची असेल तर आम्ही यापेक्षा कमी सुचवणार नाही.

बॅग थेट जाते, दुसरा बोर्डिंग पास हातात आहे आणि आतल्या आतच बदलायचं आहे, तर चार तास पुरतात. विमानतळ बदलायचा असेल तर आठ-दहा. आणि पुढचं विमान दिवसाला एकच असेल, किंवा आठवड्यातून तीन दिवसच असेल, किंवा त्या तिकिटाची किंमत पहिल्याच्या तिप्पट असेल, तर रात्रभर मुक्काम ठेवा. हॉटेलचे पैसे तिकिटाच्या बचतीतून वजा करून बघा. तरीही काही वाचत असेल तरच तोडून घ्या.

फार लांब मुक्कामाचीही अडचण आहे. बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तीन-चार तास आधीच बॅग घ्यायला लागतात. तोवर सामान तुमच्याकडेच. मोठ्या विमानतळांवर सामान ठेवायची जागा असते, तिचे दर आधी बघून ठेवा. आपल्याकडे तर तिकिटाशिवाय टर्मिनलच्या दारातूनच आत सोडत नाहीत.

मध्यरात्रीचा घोळ इथंच सांगितलेला बरा, कारण तो दरवर्षी लोकांना भोवतो. ‘१५ तारीख, ००:४०’ म्हणजे चौदा तारखेच्या रात्री निघायचं. कोल्हापूरहून १५ च्या रात्री निघणारी बस धरली तर विमान जाऊन वीस तास झालेले असतील. तिकिटावरच्या वेळा त्या त्या विमानतळाच्या स्थानिक वेळा असतात, सिंगापूर आपल्या अडीच तास पुढं. पोचण्याची तारीख वेगळी असू शकते, ती ‘+१’ अशी बारीक छापतात.

तिकीट काढताना

दुसऱ्या तिकिटावर जाणं-येणं एकत्र घेण्याऐवजी दोन एकेरी तिकिटं घ्या, भावात फार फरक नसेल तर. जाताना चुकलं तरी परतीचं तिकीट जिवंत राहतं. दुसरं तिकीट बदलता येणाऱ्या प्रकारातलं घ्या. पहिल्या स्वस्त तिकिटावर लवचीकपणा विकत घेऊन उपयोग नाही, चुकणार आहे ते दुसरं.

नाव दोन्ही तिकिटांवर पासपोर्टसारखं आणि एकमेकांसारखं हवं. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. एका तिकिटावर ते पूर्ण आणि दुसऱ्यावर अर्धं असेल, तर काउंटरवर बॅग जोडताना अडचण येते.

विमानांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. सहा महिने आधी काढलेल्या तिकिटात सात तासांची फट असेल आणि पहिली कंपनी विमान तीन तास पुढं ढकलेल, तर दुसऱ्या कंपनीला ते कळतच नाही. दोन्ही कंपन्यांकडे स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नोंदवा, एजंटचा नको. वेळ बदलल्याचा निरोप आला की त्याच दिवशी बोला. बदल मोठा असेल तर पहिली कंपनी बहुधा फुकट तारीख बदलून देते किंवा पैसे परत करते.

प्रवास विमा घेताना ‘मिस्ड कनेक्शन’ हे कलम पूर्ण वाचा. काही विमे पहिल्या विमानाचा ठरावीक तासांपेक्षा जास्त उशीर मागतात, काही दोन विमानांमध्ये किमान ठरावीक अंतर ठेवलेलं असावं अशी अट घालतात, आणि काही वेगळी तिकिटं धरतच नाहीत.

उशीर होतोय असं दिसलं तर

पहिलं विमान सुटण्याआधीच उशीर कळला, तर तिथल्याच काउंटरवर त्याच कंपनीच्या आधीच्या विमानात जागा आहे का विचारा. ते कुणी आपणहून सांगत नाही. त्याच वेळी दुसऱ्या कंपनीच्या अॅपवर किंवा फोनवर तारीख बदलायला घ्या. विमान सुटण्याच्या आधी बदललं तर बदलाचे पैसे आणि भावातला फरक एवढंच जातं. सुटल्यावर ‘नो-शो’चा शिक्का बसतो आणि सगळंच जातं. चुकणार याची नव्वद टक्के खात्री असेल तर उरलेल्या दहा टक्क्यांच्या आशेवर थांबू नका. मोबाइलला परदेशात चालणारा पॅक असणं इथं खरोखर उपयोगी पडतं.

पहिल्या कंपनीकडून उशिराचं लेखी प्रमाणपत्र मागून घ्या, विम्याला तेच लागतं. बोर्डिंग पास फेकू नका. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवून पीआयआर हा कागद घ्या.

भरपाईच्या बाबतीत मात्र मोठी आशा ठेवू नका. चुकलेल्या जोडविमानाबाबत आपल्या डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम ‘एकाच तिकिटावरच्या’ प्रवासापुरतेच आहेत. युरोपचे नियमही किती उशीर झाला ते एका बुकिंगच्या शेवटच्या ठिकाणापुरतंच मोजतात. बुडालेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क मात्र भारतात परत मिळायला हवेत, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी. ते अर्ज करून मागावे लागतात.

परतताना

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स हे सगळं करूनच कोल्हापूरच्या विमानाकडे जायचं असतं. पहाटे दोन-तीनला परदेशी विमानांची गर्दी असते आणि रांगा लांबतात. वारंवार जाणाऱ्यांनी एफटीआय-टीटीपी ही इमिग्रेशन लवकर उरकण्यासाठीची केंद्र सरकारची नोंदणी करून ठेवावी. जानेवारी २०२५ पासून मुंबई, बंगळूर, हैदराबादसह मोठ्या विमानतळांवर त्यासाठी स्वयंचलित दारं आहेत. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे आणि फोटो प्रत्यक्ष द्यावे लागतात, आणि नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत चालते.

उतरल्यापासून कोल्हापूरच्या विमानापर्यंत पाच-सहा तास ठेवा, आणि १५ किलोची गोष्ट पुन्हा आठवा: जाताना हलकी असलेली बॅग येताना जड असते. दिवसाचं एकच विमान असेल तर ते चुकल्यावर काय, हे आधीच ठरवून त्या रात्रीच्या महालक्ष्मीचं किंवा बसचं आरक्षण करून ठेवा. विमान मिळालं तर ते रद्द करताना जाणारे पैसे मुंबईतल्या हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा कितीतरी कमी असतात.